बोडीकाठची रोवणारी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मीच तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. म्हणून आज जरा बरोबरीनं बोलते.

महाराष्ट्र व्हायच्या आधीची दिवाळी. लग्नानंतर मी माहेरी आले, तर बोडीच्या तळ्यालगतच्या पडीक जागेत तुझी मातीची माणसं वाढलेली. बाबा गेल्यावर नागरा गावच्या देवळातल्या मूर्ती पाहून आलीस आणि माती, धानाचा कोंडा, चुना कालवत आपली आपणच शिकलीस. पण देव एकही केला नाहीस. नांगर धरलेला गडी, जाळंवाला ढीवर, आणि कमरेत वाकून धान रोवणारी बाई. गाव हसायचं, रिकामी बाई माणसं करून राहिली म्हणायचं. काकांना तिथं खळं हवं होतं. धान कापून झालं की सगळं फोडणार, हे त्यांनी सांगून टाकलेलं.

मला एकच युक्ती सुचली. ते फोडणार होते त्या दिवशी पहाटे जाऊन मी रोवणारीला शेंदूर फासला. आपल्याकडे शेंदूर लागला की धोंड्यालाही कोणी हात लावत नाही. दुपारपर्यंत तिच्यापुढे नारळ फुटले, आणि खुद्द काकांनी हात जोडले. मी मनात म्हटलं, वाचले सगळे.

तू बादली घेऊन आलीस. त्याच नारळांच्या शेंड्यांनी घासून तिचं तोंड धुतलंस. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मला तुझा फार राग आला. मग तू काकांकडे वळलीस.

"भाऊजी, हे देवी नाही होय. रोवणारी बाई आहे. फोडाची असन त बाई समजून फोडा."

काकांनी कुदळ उचलून दोन पुतळे फोडले. रोवणारीपाशी आले, आणि कुदळ तिथंच टाकून घरी गेले. खळं दुसरीकडे झालं. तू त्याच संध्याकाळी माती भिजवलीस, आणि मी मुकाट्यानं तुडवली.

दर पावसाळ्यानंतर मी त्यांना लिंपत आले. आता काकांचा नातू तिथं दुकानं काढतो म्हणतो. लोक मला सांगतात, आजी, थोडासा शेंदूर लावून द्या, झंझटच मिटली. मी लावणार नाही. उद्या तो मजूर घेऊन येणार आहे, तेव्हा रोवणारीशेजारी उभी राहून तुझंच वाक्य म्हणणार आहे.

फक्त तुला म्हणून सांगते. सकाळपासून गॅसपुढे ते म्हणून पाहते आहे, आणि 'फोडा'पाशी आले की माझा आवाज जातो.