नागूबाईंचा फोटो

१२ जानेवारी, सोमवार

शी! दुकानातल्या माऊसला हात लावला की हात चिकटतो. त्याच्यावर सुपारीची भुकटी, शाईचं रसायन आणि कुणाकुणाचा घाम. आज घरून ओलं फडकं नेलं आणि आधी सगळं पुसून घेतलं. दुकानाचे मालक विरेशदादा गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमच्या शिवप्रियाबाई आल्यात, चपला बाहेर काढा."

चौथा आठवडा. अजून दोन. डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला 'व्यावसायिक तयारी' नावाचा विषय आहे. म्हणजे सहा आठवडे दुकानात काम करा, मालकाचं प्रमाणपत्र आणा, बारा कामांचा पोर्टफोलिओ करा, आणि रोज एका फाईलीत आत्मपरीक्षण लिहा. ३ फेब्रुवारीला पुण्याच्या स्टुडिओची मुलाखत. प्रमाणपत्र नसेल तर बसता येत नाही. अख्ख्या धाराशिवमध्ये मला हे एकच फ्लेक्सचं दुकान मिळालं!

फाईलीत आज लिहिलं — 'ग्राहकाच्या अपेक्षा समजून घेतल्या.'

इथं लिहिते — एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चौतीस तोंडं चिकटवली. सगळ्यांना गोरं केलं. एक तोंड चुकून दोनदा लागलं. कुणालाही कळलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

आणखी एक भावी नगरसेवक. "दाढी दाट करा." केली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. फ्लेक्सला सुट्टी, पण अप्पांच्या भांड्यांच्या दुकानात वाणाची गर्दी. सकाळभर त्यांच्याशेजारी बसून वाट्यांवर मशीननं नावं घातली. त्या मशीनच्या किरकिरीत माझं डोकं शांत राहतं, का कोण जाणे.

मी अक्षरं शाळेत जायच्या आधी इथंच शिकले. फुटक्या ताटाच्या पाठीवर, अप्पांच्या मांडीवर बसून. त्यांचा एकच नियम — सुई टेकवायच्या आधी नाव दोनदा विचारायचं. स्टीलवर उमटलं की उमटलं. आजसुद्धा एका बाईंना त्यांनी दोनदा विचारलं, त्या वैतागल्या. अप्पा म्हणाले, "चिडा बाई, पण सांगा."

विरेशदादांकडं उलटं. तिथं सगळं परत फिरवता येतं, म्हणून कुणी काही विचारतच नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

तामलवाडीचे एक जण आले, शिवराज नाव. पुण्यात कुठल्या तरी कंपनीत रखवालदार आहेत. आई वारली, नागूबाई. मंगळवारी तेरावा आहे, त्यासाठी श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स आणि घरात लावायला फ्रेम. आधारकार्ड होतं, पण त्यावरचा फोटो म्हणजे निव्वळ काळा डाग. दुसरा एक कागदी फोटो आणला होता. कुणाच्या तरी लग्नातला, बायकांच्या रांगेत अगदी कडेला एक म्हातारी, पदर कपाळापर्यंत, चेहरा नखाएवढा. म्हणाले, मावशीनं दिला, आयचा हा एवढाच हाय.

स्कॅन केला. विरेशदादांनी मागून हुकूम सोडले — रंग उजळ कर, सुरकुत्या कमी, पदर नवा, मागं ढग आणि उजेड. चेहरा नीट करणाऱ्या ॲपमध्ये टाक म्हणाले. टाकला, तर सिनेमातली बाई निघाली. म्हणून हातानंच बसले.

मोठं करून बघितलं तेव्हा हनुवटीवर तीन ठिपके दिसले. आधी वाटलं धूळ. मग रंग दिसला, हिरवट. गोंदण! दादांना विचारलं, ठेवू का? ते म्हणाले, "पूस. फ्लेक्सवर घाणच दिसती ती."

शिवराज बाहेर चहा पीत उभे होते. दहा पावलांवर. त्यांना विचारायला उठले नाही.

पुसले. एकेक ठिपका, शेजारच्या कातडीचा रंग उचलून. मेलेल्या बाईच्या तोंडावरून हात फिरवतेय असं वाटत होतं. डबा तसाच परत आणला. अव्वा शेवटी आईच, उघडून बघितला. सांगितलं, भूक नव्हती.

१६ जानेवारी, शुक्रवार

फ्लेक्स आणि फ्रेमचा फोटो छापला. शिवराज बघायला आले आणि टेबलाशी खालीच बसले. "लई देखणी दिसती आय." हातरुमाल तोंडाला लावून रडले. कागदी फोटो खिशात घालून, आम्हा दोघांना हात जोडून गेले.

मला बरं वाटलं. हेच सगळ्यात घाणेरडं! ती बाई तशी नव्हतीच आणि मला शाबासकी हवी होती.

फाईल — 'भावनिक विषय संवेदनशीलतेने हाताळला.' लिहून झाल्यावर हात धुतले.

१९ जानेवारी, सोमवार

कॉलेजमध्ये पोर्टफोलिओ दाखवायचा दिवस. शुभांगी मॅडमनी वाढदिवसाचे फ्लेक्स भराभर उलटले आणि नागूबाईंवर थांबल्या. म्हणाल्या, हे तुझं सगळ्यात चांगलं काम, हे पहिल्या पानावर घे. "पण आधीचा फोटो शेजारी लाव. आधी काय होतं ते दिसलं नाही तर तू काय केलंस ते कसं कळणार?"

दुपारी दुकानात येऊन स्कॅन शोधला. नाही! जो स्कॅन उघडला त्याच्यावरच काम केलं आणि त्याच नावानं सेव्ह केलं. दुसरी प्रत काढलीच नव्हती. पहिल्या वर्षातली पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत.

कागदी फोटो शिवराजांकडं, आणि उद्या त्यांच्याकडं तेरावा, मागायचा कसा? इथं मूळ चेहरा कुठंच नाही. मी पुसलेला तेवढाच उरलाय.

२० जानेवारी, मंगळवार

विरेशदादांना सांगितलं. ते हसले. "त्यात काय? आताचा घे, काळा कर, वर धूळ मार. झाला जुना."

केला. दोन तास लागले. उजेड काढला, सुरकुत्या घातल्या, आठवून आठवून पदर जुना केला. शेवटी तीन ठिपकेही परत काढले, होते तिथंच. आधी खोटं गोरेपण, आता खोटा काळेपणा. मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर — 'अप्रतिम! फरक बघ किती.'

फोन पालथा घातला.

२१ जानेवारी, बुधवार

बारा कामं पूर्ण. पहिल्या पानावर नागूबाई, आधी आणि नंतर. दोन्ही मीच काढलेल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

नीट लिहिते, म्हणजे मलाच नंतर बदलता येणार नाही.

अकराच्या सुमाराला येरमाळ्याहून एक बाई आल्या. इरम्माताई, नागूबाईंची मुलगी. चाळिशीच्या असतील, हातात कापडी पिशवी. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, तेराव्याला फ्लेक्स बघितल्यापासून घास उतरत नाही. ते डोळे आयचे वाटत नाहीत. भावाला सांगितलं तर तो म्हणतो तुला येड लागलंय. मावशीला विचारलं तर ती म्हणते आयच हाय, आणि भावानं परत दिलेला कागद हरवला. म्हणून मूळ फोटो बघायला आल्या.

विरेशदादांनी लगेच सांगितलं, व्हायरस आला, सगळं गेलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, अगं, तो कॉलेजसाठी काढलेला आहे ना, तो छापून दे त्यांना. डोळासुद्धा लवला नाही त्यांचा! मी म्हणाले, सापडत नाहीये. खोटं लपवायला दुसरं खोटं.

इरम्माताई माझ्याजवळ आल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"तू बसली व्हतीस न्हवं त्या फोटोवर? मग तुला म्हाईत. हनुवटीवर तीन ठिपके व्हते का? आयच्या अंगावर एक गोंदण न्हवतं. ठिपके गंगम्मा मावशीच्या हनुवटीवर हायेत, आयच्या धाकट्या भैनीच्या. आमच्यातच ऱ्हाती ती, नवरा न्हाय, लेकरू न्हाय. आता घरात हार घातल्याला फोटो हाय, आन् ज्या बाईचा त्यो हाय ती चुलीपुढं भाकरी थापती, असं असलं तर मला कळाया पायजे."

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

आठवत नाही! चारशे टक्के मोठे करून पुसलेत मी ते. मंगळवारी परत जागच्या जागी काढलेत.

त्यांनी फोन नंबर लिहून दिला. आठवलं की सांग म्हणाल्या. पिशवीतून दोन बोरं काढून टेबलावर ठेवली, माझ्यासाठी. ती तशीच तिथं पडलीत.

२४ जानेवारी, शनिवार

अप्पांना सगळं सांगितलं. ते एका घागरीला पोचा आला होता तो काढत होते. हातोडी थांबवली नाही, फक्त हळू केली. शेवटी विचारलं, "पोराला का विचारलं नाहीस, दहा पावलांवर होता तर?"

मला काम लवकर संपवायचं होतं, एवढंच.

"मग आता सांगून टाक," म्हणाले.

विरेशदादांना म्हणाले की मी फोन करणार आहे. त्यांचा चेहरा बदलला. "जितीला हार घातला, मेलेली सोडून दिली — तामलवाडीपासून कळंबपर्यंत दुकानाचं नाव होईल. बोलायचं तर बोल. प्रमाणपत्राचं मग बघू."

२५ जानेवारी, रविवार

मनात हिशेब केला — शनिवारी सहा आठवडे संपले की प्रमाणपत्र घ्यावं आणि रविवारी फोन करावा. म्हणजे दोन्ही जमेल.

हे लिहून ठेवते, म्हणजे मी कोण आहे ते दिसेल. थू!

२७ जानेवारी, मंगळवार

ठरलं. प्रमाणपत्र गेलं तर गेलं. गुरुवारी सकाळी इरम्माताईंना फोन. उद्या दादांना सांगते, म्हणजे पाठीमागून केलं असं नको. अव्वाला मुलाखतीचं काही बोलले नाही. तिनं पुण्याला न्यायला चिवडा करायला घेतलाय.

२८ जानेवारी, बुधवार

दादा कोर्टापाशी फ्लेक्स बांधायला गेले होते. दुकानात मी एकटी. एसटीतून उतरून एक म्हातारी आली, दारातच चप्पल काढली. पदर कपाळापर्यंत. मी वर बघितलं आणि माऊस सोडला. हनुवटीवर तीन ठिपके. हिरवट. मधला जरा डावीकडं.

"तूच का गं, माझं तोंड धुणारी?"

बसायला स्टूल दिलं तर त्या खालीच बसल्या, फ्लेक्सच्या गुंडाळीला टेकून. पाणी मागितलं, अर्धं प्यायल्या, अर्ध्यानं डोळे पुसले. गंगम्मा मावशी. इरी इथं येऊन गेली ते त्यांना एसटीच्या कंडक्टरकडून कळलं होतं.

सांगत होत्या, मी ऐकत होते. आधारकार्डावरचा तो डाग सोडला तर नागूबाईंचा फोटोच नाही. कॅमेरा दिसला की त्या उठून जायच्या, लग्नातसुद्धा. शिवराज पुण्याहून निघाला पण मातीला पोचला नाही. माती झाल्यावर दोन तासांनी आला. आईचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून लहान पोरासारखा अंगणात लोळला, फोटो दाव, फोटो दाव म्हणत राहिला.

"आमी पाठोपाठच्या, सारख्याच. म्या माझा दिला. म्हटलं, एवढ्या बारीक तोंडात त्याला काय कळतंय. पर ठिपक्याची धास्ती व्हती. मग त्यो फ्लेक्स आला. बघते तर ठिपकेच न्हाईत! देवानं पुसले म्हटलं. तर तू पुसलेस."

मी विचारलं, जित्या माणसाच्या फोटोला हार, तुम्हाला काही वाटत नाही?

"रोज सकाळी उदबत्ती म्याच लावती. माझ्याच म्होरं. हसू येतंय कदी कदी." खरंच हसल्या. पुढचे दात नाहीत. "त्यो पोरगा आता ड्युटीवर जाताना तिला सांगून जातुय. पुण्याला बी मोबाईलवर घिऊन गेलाय."

कागद कुठं आहे विचारलं. चुलीत घातला म्हणाल्या.

मग उठल्या, पदर नीट केला. "इरीला काय सांगायचं ते तुझं तू बघ बाई. म्या सांगायला आले न्हाय, तुला बघायला आले."

दादा परत आल्यावर फोनचा विषय काढला नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

पोर्टफोलिओतलं पहिलं पान काढलं. अकराच राहिली.

मग इरम्माताईंना फोन केला. सांगितलं, आठवलं, हनुवटीवर काही नव्हतं. नक्की का, म्हणाल्या. नक्की.

इरम्माताई रडायला लागल्या. "मंजी आयच. मलाच माझी आय वळखू आली न्हाय."