पलंगाची फळी आणि सँडरची निवड

१२ जुलै, सकाळी ७.३०

रिटायर होऊन आज एक महिना. आजपासून रोजनिशी. शिस्त लागते.

एकोणतीस वर्षं टेंडर शाखेत काढली. तुलनात्मक तक्त्याशिवाय एक खिळासुद्धा खरेदी होऊ दिला नाही. आता तीच बुद्धी स्वतःसाठी. संकल्प: लाकूडकाम. पहिलं काम घरातच सापडलं. आईच्या पलंगाची कडेची फळी. सागवानी आहे, पण पॉलिश उडून कुसळं निघालीत. आई (वय ७९) उठताना तीच फळी धरते. सकाळी तळहात पुढं करून म्हणाली, "महारुद्रा, हितं टोचायलंय बग. जरा घासून दी की."

दैवशालानं (पत्नी) सुईनं कुसळ काढलं. मी आईला म्हणालो, नुसतं घासून देणार नाही, प्रोफेशनल फिनिश देईन. आई म्हणाली, बरं.

पॉवर सँडर लागेल. म्हणजे विजेवर चालणारं घासायचं मशीन. आठवड्याभरात घेऊन टाकू.

१४ जुलै

सँडर एक प्रकारचा नसतो! बेल्ट, डिस्क, ऑर्बिटल, रँडम ऑर्बिट, आणि कोपऱ्यांसाठी इस्त्रीच्या आकाराचा वेगळाच. सेलूत हे किती जणांना माहीत असेल? काल रात्रीपासून अकरा व्हिडिओ पाहिले. घाई केली असती तर केवढा घोटाळा झाला असता.

१५ जुलै

दैवशालानं बाजारातून काचपेपर आणला आणि सरळ घासायला बसली. वेळेवर पोचलो म्हणून बरं. जप्त केला. हातानं घासलं की रेघा एकसारख्या येत नाहीत. शांतपणे समजावलं. म्हणाली, "आत्याबाईच्या (म्हणजे आईच्या) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. त्यांना कुठं दिसायल्यात रेघा?"

मुद्दा तो नाही.

२० जुलै

आईनं खिडकीतून आश्रुबाला हाक मारली. आश्रुबा म्हणजे गल्लीच्या टोकाचा सुतार. काखेत रंधा घेऊनच आला. दारातच थांबवलं. चहा पाजला, अपमान केला नाही. रँडम ऑर्बिट म्हणजे काय ते कपबशी फिरवून दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तवर म्हातारीनं धरायचं काय?"

चाळीस वर्षं लाकडात हात घालूनही माणसाला दूरचं दिसत नाही ते असं. जाताना दैवशालाला सांगून गेला, फळीला निदान कापड तरी गुंडाळा.

२१ जुलै

फळीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आहे. आई खूश. मला दृश्य सहन होत नाही, पण चालवून घेतलं. घरात शांतता महत्त्वाची.

५ ऑगस्ट

पट्टी सोडली. व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय, घासण्याआधी लाकूड मोकळं हवं. कापडाखाली घाम, तेल, ओल साठते. डाग खोल गेला तर साठच्या ग्रिटपासून (काचपेपरचा आकडा; जितका लहान तितका खरखरीत) सुरुवात करावी लागेल, म्हणजे एक टप्पा वाढला.

लाल स्केचपेननं पाटी लावली: "काम प्रगतिपथावर आहे. फळीस हात लावू नये." आईला वाचता येत नाही. दोनदा वाचून दाखवली.

आईनं विचारलं, "मंग उटू कशी?" गुडघ्यांवर जोर देऊन उठ म्हणालो. या वयात व्यायाम हवाच. दैवशाला भांडी जोरात आपटत होती.

१८ ऑगस्ट

परभणीला जाऊन आलो. सकाळची गाडी. हार्डवेअरच्या दुकानात चार मशीन चालवून पाहिली. बेल्ट सँडर बाद. दांडगा प्राणी, जरा हात थांबला की लाकडात खड्डा. ऑर्बिटल गरीब, पण कानाकोपऱ्यात जातो. रँडम ऑर्बिट सर्वगुणसंपन्न, पण चौकोनी कोपऱ्यात अडतो. आरपीएम, वॅट, धूळपिशवीची क्षमता, सगळं उतरवून घेतलं. अडीच तास गेले. शेवटी दुकानदारानं विचारलं, किती पलंग करायचेत?

एक, म्हणालो.

"नवा करायलाव का?"

नाही, जुन्याची फळी घासायची आहे.

त्यानं आतल्या पोऱ्याला बोलावून मला दाखवलं. गंभीर गिऱ्हाईक क्वचितच येत असावं.

२६ ऑगस्ट

आईच्या हातात पुन्हा कुसळ. म्हणजे पाटी असताना फळी धरली. रागावलो नाही. फक्त म्हणालो, सगळ्यांनी नियम पाळला तरच काम होतं. ती म्हणाली, चुकलं बाबा. मोठ्या मनाची आहे. आता बिछान्याच्या मधोमध झोपते, म्हणजे हात कडेला जाणार नाही.

२ सप्टेंबर

महालक्ष्म्यांसाठी पंकजा (बहीण) सोनपेठहून आली होती. पाटी वाचून हसली. मग आईचे हात पाहिले आणि हसायची थांबली. म्हणाली, माय काही दिवस माझ्याकडं राहील, दादा. आमच्याकडं लोखंडी पलंग आहे.

साफ नकार दिला. लाभार्थीच निघून गेली तर काम कुणासाठी करायचं? फिनिश कसं झालंय हे हात फिरवून सांगणार कोण? पंकजा म्हणाली, तू कधी करणार ते सांग. म्हणालो, दसऱ्याच्या आत. आईनं बांधलेलं बोचकं सोडून ठेवलं.

तुलनात्मक तक्ता पूर्ण. चौदा रकाने. एवढा स्वच्छ तक्ता मी नोकरीतही केला नव्हता. निर्णय: रँडम ऑर्बिट, १२५ मिलिमीटर. खरेदी मात्र ऑनलाइन सेलपर्यंत राखून ठेवली आहे. पंधरा-वीस दिवसांनी काय बिघडतं?

११ सप्टेंबर

मशीन आल्यावर करायच्या कामांची यादी: देव्हारा, शोकेस, पाट (सहा), पंकजासाठी झोपाळा, गल्लीतल्यांसाठी माफक दरात फर्निचर. नाव सुचलं: महारुद्र वुडवर्क्स. दैवशालाला सांगितलं. म्हणाली, आधी फळी.

या बाईला कधीच मोठं चित्र दिसलं नाही.

२३ सप्टेंबर

सेल सुरू. कार्टमध्ये तीन मशीन. त्यातल्या दोनांत ठरेना. एकाची धूळपिशवी चांगली, दुसऱ्याची वायर लांब. पलंगापासून स्विचबोर्डपर्यंतचं अंतर मोजायला गेलो. आई झोपली होती, म्हणून उठवून पलंग सरकवला.

२५ सप्टेंबर

वायर जमते आहे. पण एक रिव्ह्यू वाचला, सहा महिन्यांत पॅड निघालं. पुन्हा विचार.

२७ सप्टेंबर, दुपारी

आई पडली.

सकाळी चहाच्या वेळी उठताना. दैवशाला स्वयंपाकघरात होती, मी फोनवर रिव्ह्यू वाचत होतो. फळी धरली नाही. (पाटीचं पालन करत होती, हे मान्य करावं लागेल.) गुडघ्यांवर जोर दिला, पाय सरकला. फरशी गुळगुळीत आहे. मी बांधकामाच्या वेळीच म्हणालो होतो खडबडीत घ्या.

खुब्याचं हाड. परभणीला हलवलं. आश्रुबानं उचलायला मदत केली. रिक्षात ठेवताना आईनं त्याचा दंड असा घट्ट धरला होता की दवाखान्यात सोडवावा लागला.

३ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड बसलंय, पण या वयात पुढचं सांगता येत नाही. साखर वाढली आहे.

दवाखान्याच्या बाकावर बसून ऑर्डर दिली. अखेर! प्रसंग आला की मी निर्णय घेतो. घरी जाईल तेव्हा पलंग तयार असेल.

८ ऑक्टोबर

खोकं आलं. निळं-काळं, हातात असं बसतं की वाटतं आपल्यासाठीच बनवलंय. दवाखान्यात जाऊन आईला सगळं समजावलं. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं हात वर केला, दोनदा हलवला. म्हटलं, बघा, पसंत पडलं.

पंकजा म्हणाली, "पाणी मागायलीय ती, दादा."

दोन्ही शक्य आहे.

११ ऑक्टोबर

घोळ. मशीनच्या पॅडला आठ भोकं, मागवलेल्या डिस्कला (त्यावर चिकटवायचा गोल काचपेपर) पाच. भोकं जुळली नाहीत तर धूळ पिशवीत न जाता घरभर उडते. तसं घासता येतं, पण तत्त्व म्हणून नाही. डिस्क परत पाठवल्या, नव्या मागवल्या. खोक्यासोबत एक फुकटची जुळणारी डिस्क होती, १२० ची, पण ऐंशीनं सुरुवात न करता थेट १२० ला जाणं चूक.

दैवशाला दवाखान्यातच राहते आहे. घरी आली की आईच्या खोलीत जाते आणि पाटीकडं बघत उभी राहते. काढून टाक म्हणालो. म्हणाली, "मी कशाला काढू? तुमचं काम चालू हाय ना."

१६ ऑक्टोबर

आईच्या छातीत कफ झालाय. पडून राहिल्यानं होतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, बसवता आलं तर बरं. तिला बसवलं, तर ती हातानं काहीतरी शोधत होती, खाटेच्या कडेला. दांडा लोखंडी होता. तरी हात जवळ नेऊन मागं घेतला. मी म्हणालो, धर, इथं चालतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. शेवटी पंकजाचा हात धरला.

डिस्क नांदेडपर्यंत आल्या आहेत.

१९ ऑक्टोबर

काल आई गेली. सकाळी सव्वानऊ.

डिस्क आज आल्या. कुरिअरवाल्यानं सही मागितली. सुतकात सही चालते का विचारलं. चालते म्हणाला.

२४ ऑक्टोबर

येणारे-जाणारे. सगळे आईच्या खोलीत बसतात. एका पाहुण्यानं पाटी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, कसलं काम चालू आहे? खोलीत बारा-तेरा माणसं होती. आश्रुबा दाराशी बसला होता. मी म्हणालो, थोडं पॉलिशचं.

पाटी काढली.

२९ ऑक्टोबर, सकाळी

उद्या तेरावं. गुरुजी यादी सांगायला आले. शय्यादान करायचं आहे, पलंग, गादी, उशी. पंकजा म्हणाली, बाजारातून घडीची खाट आणू. मी म्हणालो, आईचाच पलंग द्यायचा. सागवानी आहे. एवढं तरी माझं ऐका.

गुरुजी पलंग बघायला आत आले. बसायला म्हणून फळी धरली आणि हात झटकन मागं घेतला. बोट तोंडात धरून म्हणाले, "हे असं देता येत न्हाई हो. ज्याला द्याल त्याला टोचंल."

दैवशालानं सुई आणली.

दुपारी ४.१०

पलंग अंगणात काढला. आश्रुबानं एक बाजू धरली. आधी ऐंशी, मग १२०, मग २२०. वायर पुरली. धूळ पिशवीत गेली. मशीन छान चालतं. हाताला कंप येतो, पण फार नाही.

झालं. फळीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही लागलं नाही. रेघा एकसारख्या आहेत.

घड्याळ पाहिलं. सात मिनिटं.

चूक असेल वाटलं. भिंतीकडची फळी घेतली, तिला काहीच झालेलं नव्हतं. तिन्ही डिस्क पुन्हा. तीही सात मिनिटं.

मग घासायला काही उरलं नाही. मशीन हातात चालूच होतं. आश्रुबा बघत होता, पंकजा बघत होती. दैवशालानं आत जाऊन बोर्डातली पिन काढली.