चूक कोणाची?

माननीय क्रम्प कोच,

'कोचनी काय शिकवलं' यावर तुमच्या सत्कारात बोलायचं निमंत्रण मिळालं. शिकवलंत तर!

टेक्सासच्या अमेरिकन फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी फेकलेला चेंडू विरोधकांच्या हाती गेला. माझ्यावर धावून येणाऱ्यांना अडवणं हे आपल्या संघातल्या डेलबर्टचं काम. तुम्ही कुजबुजलात, "पत्रकारांना सांग, डेलबर्टनं समोरच्याला अडवलंच नाही." मी सांगितलं, "चूक माझी." तेवढ्यावरून तुम्ही आपल्याच क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मला, पुढचा अख्खा हंगाम राखीव बाकावर बसवलंत. वा रे मर्द! मी मात्र एकही सराव चुकवला नाही.

त्या सामन्यानंतर परतताना बसमध्ये डेलबर्ट म्हणाला होता, "येड्या, चूक खरंच माझी होती."

"माहितीये. पण चेंडू मी फेकला ना?"

सहा फुटी गडी हमसून हमसून रडला.

हे पत्र टपालात टाकणार नाही. शनिवारी माइकवरूनच वाचेन. डेलबर्ट पहिल्या रांगेत असेल.

तुमचा नावडता,
वेस्ली