खणातले तीन राजीनामे

ताई,

तुझ्या डोकेफिरू भावाचा नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, दोन्ही वेळा जेवतो. एवढं आधी आईला वाचून दाखव.

उद्योग-व्यापाराच्या पत्रकारितेतल्या एका फेलोशिपसाठी मी अर्ज केलाय. सात वर्षं काम केलेल्या बातमीदारांना वर्षभर शिकायला बोलावतात. पदवी लागत नाही, हे बाबांना ऐकू जाईल असं वाच.

घोडं अडलं होतं संपादकांच्या शिफारशीवर. कारखान्यावरची माझी बातमी त्यांनी निम्मी कापली, म्हणून गेल्याच आठवड्यात मी राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटला होता. तरी मान खाली घालून गेलो. त्यांनी खणातून माझे आजवरचे तीन राजीनामे काढले, एकही मंजूर न केलेला.

"तिन्ही बातमी कापली म्हणून. पगारासाठी एकही नाही. गाढवा, याहून मोठी शिफारस कोणती?"

आणि शिफारसपत्रात खरंच तेच लिहिलं!

अर्ज तपासला आमच्याच ऑफिसात मुद्रितं तपासणाऱ्या 'तिने'. हो, तीच, माझ्या प्रत्येक पत्रातली. वर्षभर लांब राहावं लागेल म्हटल्यावर म्हणाली, "जा. मी काय पळून जातेय?" तेव्हापासून हेच वाक्य घोकतोय. पळून नाही ना जाणार गं?

शिक्षणाच्या रकान्यात 'दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं' असं खरं तेच लिहिलंय. बाबा अजून त्या विषयावर गप्पच होतात का? त्यांना एवढंच सांग, निवड झाली तर हे वर्ष मी पुरं करणार आहे.

तुझा,
आठवडाभर कुणाशीही न भांडलेला धाकटा