माझ्या हातची सुरी

फाल्गुन वद्य ४, शके १७८५. वलगाव

वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, पुन्हा वाकली! नवी कोरी पास, शेतात दोन फेरे झाले नाहीत तोच तिची जिलेबी. बाबांनी बैल सोडले आणि पास आणून पारावर आपटली. सगळे जमले. प्रत्येकाचं तेच रडगाणं. दिवाळीपासून नत्थुजी लोहाराचं काम बिघडलं. कुणाची पास वाकते, कुणाच्या कुऱ्हाडीचा तुकडा उडतो. "दुर्गा लोहारीण गेली तवापासून म्हाताऱ्याचं मन लागत नाई," बाबा म्हणाले. पाटील म्हणाले, लग्नसराई उरकू द्या, मग बैठक घेऊ आणि चांदुराहून दुसरा लोहार आणू.

मी म्हटलं, आजच आणा! लोखंड तापवायचं आणि ठोकायचं, त्यात एवढं काय? दोन महिन्यांत मी सुरी करून दाखवतो.

बाबा म्हणाले, "शालिकराम, बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात."

बघाच म्हणावं.

फाल्गुन वद्य ६

अंजनगावहून खुशालराव आले होते. शकुनचे काका. शकुन म्हणजे माझी होणारी, वैशाखात लग्न. आता नवरदेवाच्या अंगाला हळद लागली की हातात सुरी हवी, टोकाला लिंबू. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. खुशालराव म्हणाले, यंदा कापसानं हात दिला, अमरावतीहून विलायती सुरी आणतो, हस्तिदंती मुठीची.

"नको," मी म्हटलं. "मी माझ्या हातची सुरी घेऊन मांडवात येईन."

"अन् नाई झाली तं?"

"तर तुमची विलायती घेईन आणि साऱ्या वऱ्हाड्यांपुढे कान धरीन."

मायनं कपाळावर हात मारला. तोंडातून गेलं ते गेलं. आता माघार नाही.

फाल्गुन वद्य ८

नत्थुजीकडे गेलो. एकटाच बसला होता भट्टीपाशी. मी ऐरणीवर टेकणार तोच ओरडला, "उठ! मायवर बसते का कोनी?" उठलो. पाया पडायला लावलं ऐरणीच्या. पडलो.

"कावून आला? तुह्या बापाले तं दुसरा लोहार पायजे."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक! मी म्हटलं, मला सुरी करायची आहे, शिकवा.

त्यानं माझे दंड चाचपले. मग म्हणाला, "भाता मारता येते?"

येतो म्हटलं. येत नव्हता. दुपारपर्यंत आला.

फाल्गुन वद्य १२

आधी फजितीच लिहून टाकतो. कापसाची गाडी घेऊन अमरावतीला गेलो होतो. तिथं गासड्या बांधायच्या लोखंडी पट्ट्या पडलेल्या असतात. एक छान लांब पट्टी उचलून आणली. दोन दिवस ठोकली. काय रूप आलं! पातं असं की बघत राहावं. मग नत्थुजीनं सांगितलं तसं पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून गार पाण्यात बुडवलं. त्यानंच लोखंड कडक होतं. घरी आणून कैरीवर चालवली. कैरी तशीच, सुरी वाकडी!

नत्थुजीनं ती कानाशी धरून टिचकी मारली. "थप्प वाजते. हे पट्टीचं लोखंड व्हय. नरम. जलमभर बुडव, पानी धरनार नाई."

म्हणजे दोन दिवस समोर बसून म्हातारा गंमत पाहत होता! मी चिडलो. मग वाटलं, ही त्याची शिकवायची रीत असेल. पोरानं आधी ठेच खावी, मग सांगावं. असू दे. मला ठेच फार दिवस दुखत नाही.

फाल्गुन अमावास्या

अमावास्येला भट्टी पेटत नाही. दिवसभर नुसता बसून. हात शिवशिवतात.

चैत्र शुद्ध ४, शके १७८६

आता खरं लोखंड मिळालं. नत्थुजीची झिजलेली जुनी कानस. "हे पोलाद. हे पानी धरते." तापवून राखेत पुरून ठेवली, दुसऱ्या दिवशी मऊ झाली. मग ठोकायला घेतली. घण मी मारतो, सांडशी त्याच्या हातात. गडी सत्तरीचा, पण सांडशी हलत नाही. माझा घण तिरका पडला तर आवाजावरूनच ओळखतो. "वाकडा मारला." मान वर न करता!

आणि सारखी परीक्षा घेतो. "रंग कसा हाये?" मी सांगायचं. काळपट. मग रक्तासारखा. मग पळसाच्या फुलासारखा. पळस झाला की बाहेर काढायचा, पुढे गेला तर पोलाद जळतं. स्वतः समोर बसलेला असून मला विचारतो. मी एकदाही चुकलो नाही. शाळेतल्या मास्तरांच्यापेक्षा ही परीक्षा सोपी!

चैत्र शुद्ध ११

पातं तयार झालं. बोटभर रुंद, वीतभर लांब. पाठ सरळ, टोक जरा वर. मायनं पाहिलं, म्हणाली, "हे तं खरंच सुरीवानी दिसून रायलं." उद्या पाणी द्यायचं. मग धार, मग मूठ. खुशालरावांची विलायती सुरी दुकानातच राहणार.

चैत्र शुद्ध १२

तुटली.

भाता मारता मारता माझं लक्ष अंजनगावला गेलं. शकुनला मी एकदाच पाहिलंय, तेही पाठमोरी. भानावर आलो तर पातं पळसाच्या पुढे गेलेलं, पांढुरकं झालेलं. तेवढ्यात नत्थुजीनं विचारलं, "रंग?" मी म्हटलं, पळस. पुन्हा थंड करा, पुन्हा तापवा, कोण करणार? "बुडव," तो म्हणाला. बुडवलं. पाण्यात टिण्ण आवाज झाला. बाहेर काढलं तर अर्धं पातं सांडशीत, अर्धं कुंडात.

नत्थुजीनं दोन्ही तुकडे चाचपले. "पळसच होता ना?"

"पळसच."

"मंग लोखंडाचाच दोष असन."

चला, म्हाताऱ्याला बनवलं! पण समोर बसून त्याला दिसलं कसं नाही? दिसलं असेल. मुद्दाम गप्प राहिला असेल, पट्टीच्या वेळी राहिला तसा.

वाईट वाटतंय. सुरीचंच जास्त.

चैत्र वद्य १

तीन दिवस नत्थुजीनं भट्टी पेटवली नाही. अंग दुखतं म्हणाला. मला तर एकेक दिवस डोंगराएवढा झालाय. आज स्वतःच दुसरी कानस काढून दिली.

चैत्र वद्य ९

झाली! झाली! झाली!

आज निखाऱ्यांवरून नजर हलवली नाही. शकुन नाही, खुशालराव नाही, कुणी नाही. पळस दिसला तसा ओरडलो. बुडवली. आवाज आला तो चर्रर्र असा, एकसारखा. मग घासून पांढरी केली आणि ठिसूळपणा जावा म्हणून तापल्या लोखंडावर धरली. पात्यावर रंग चढू लागला. "सांगत राय," नत्थुजी म्हणाला. फिका पिवळा, जरा गडद, मग थेट तुरीच्या डाळीचा. "आता!" पुन्हा पाण्यात. टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखी वाजली. म्हातारा पहिल्यांदा हसला.

मी म्हटलं, "नत्थुजी, झालो ना मी लोहार?"

"अर्धा," म्हणाला.

अर्धा तर अर्धा! एका महिन्यात अर्धा, म्हणजे दोन महिन्यांत पुरा.

चैत्र वद्य १३

निसण्यावर दोन दिवस धार लावली. बाभळीची मूठ, पितळी खिळे. मनगटावरचे केस उडतात. मायनं न विचारता त्याच सुरीनं अंबाडीची भाजी चिरली आणि म्हणाली, लगन झालं की हे मलेच देजो. बाबांनी उलटीपालटी करून पाहिली. नावं ठेवली नाहीत म्हणजे खूप झालं. गावात चार घरी दाखवून आलो. सगळ्यांना सांगितलं, मी केली, एकट्यानं केली. बैठकीत पाटलांना सांगणार आहे, माझ्यासारखा नवखा महिन्यात हे करतो, मग नत्थुजीला काय धाड भरली? आणा चांदूरचा लोहार.

वैशाख शुद्ध ७

डाव्या हातात सुरी धरून लिहितोय. अंगावर हळद आहे. पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मांडवात बारा बलुतेदार आले, नत्थुजीही आला. मी सुरी त्याच्यापुढे धरली. टोकाला लिंबू, पिकलेलं, पिवळंजर्द, त्याच्या नाकापासून वीतभर. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "झ्याक. पन लिंबू नाई लावलं का अजून?"

मी लिंबाकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांकडे.

त्याला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, नत्थुजी, तुम्हाला दिसत नाही?

"उजेड दिसते. मानूस दिसते, ढगावानी. रंग नाई दिसत. दोन वर्सं झाले." मग म्हणाला, "दुर्गा होती तवर तिचे डोये होते मले. ते भाता मारे अन् रंग सांगे. गावाले नको सांगू, बाप्पा. जाऊ कुठी या वयात?"

म्हणजे परीक्षा नव्हतीच. एकदाही नव्हती. तो खरंच विचारत होता, आणि मी सांगेन त्यावर विसंबत होता.

मी म्हटलं, ती पहिली सुरी. तेव्हा पळस नव्हता. पांढरं झालं होतं. मी खोटं बोललो.

त्यानं पुन्हा पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मले वाटलं, माह्या हातातलंच कसब गेलं. तीन दिस जेवन गेलं नाई."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं. हळदीच्या दिवशी नवरदेव रडतो म्हणून बायका हसल्या. लग्न करून आलो की रोज सकाळी भट्टीवर येतो, असं त्याला सांगितलं. रंग मी सांगेन, आणि खरा सांगेन.

वैशाख शुद्ध १०. अंजनगाव

लग्न लागलं. खुशालरावांनी साऱ्या वऱ्हाड्यांपुढे सुरी पाहिली. म्हणाले, "मानलं, जावईबापू!" शकुननंही चोरून पाहिली. मी मात्र नुसता मान खाली घालून उभा.

वैशाख वद्य ३. वलगाव

आज पारावर बैठक झाली. पाटलांनी सुरी हातात घेतली, टिचकी मारली, म्हणाले, हे पाणी कुणाचं? मी म्हटलं, नत्थुजीचं. "मग चांदूरचा लोहार कशाला?" पाटील म्हणाले. बाबा म्हणाले, "अन् तू गावभर सांगत होता एकट्यानं केली, थे?"

"बोलाचीच कढी, बाबा. सुरी नत्थुजीनं केली. मी नुसता भाता मारला."