साडेपाचचा निरोप

मंगळवार, ता. १२

चि. चिमीस,

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? व्यायाम करतेस की नुसतीच डॉक्टरांना नावं ठेवतेस? इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघराला रंग दिला. रंगाऱ्याने पिवळा म्हणून जो काही फासलाय तो बघून भूकच मरते.

फोन न करता पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि तुझा आवाज ऐकला की मी पाघळते. या वेळी पाघळायचं नाही असं ठरवलंय.

‘वरच्या खोलीतला भाडेकरू’ सापडलं. आपलं रहस्यनाट्य! खरं म्हणजे तुझं. तेव्हा रेडिओवर नाटक थेट जायचं आणि त्याची फीत पुसून पुन्हा वापरायचे, म्हणून ते गेलंच असं आपण धरून चाललो होतो. तर ते बेचाळीस वर्षं ‘दातांची निगा’ या भाषणाच्या डब्यात पडून होतं. रेडिओ केंद्रातला फिती साफ करणारा तंत्रज्ञ आधी तुलाच बोलावणार होता. तू फोन उचलला नाहीस, म्हणून मी गेले.

ऐकलं. चिमे, तू सुरेख केलं आहेस. भाडेकरूला स्वतः गाडीत बसवून घरमालकीण घरी येते, तर वर पावलं वाजतायत. “वर कोण आहे?” म्हणण्याआधी तू जी थांबलीस, ते मला जमलं नसतं. मी घाईच केली असती. हे मनापासून लिहिते आहे, आणि लिहिताना माझा जळफळाट होतोय तोही खराच.

पण नाटकाच्या आधी फितीवर चार मिनिटं आणखी आहेत. आवाजाची पातळी बघायला यंत्र लवकर सुरू केलं होतं आणि मायक्रोफोन उघडा राहिला होता. खुर्च्या सरकतात, कुणीतरी खोकतं. मग घड्याळबुवांचा आवाज येतो. आठवतात ना? कार्यक्रम विभागातले कारकून, ज्यांच्या येण्यावर लोक आपली घड्याळं लावायचे.

“ताई अजून कशा आल्या नाहीत? मी सकाळी फोनवर साडेपाच सांगितलं होतं ना तुम्हाला?”

आणि तू, अगदी सहज: “हो, साडेपाचच सांगितलंत. मी दिलाय तिला निरोप. येईलच ती.”

मी ते तीनदा लावायला सांगितलं. तंत्रज्ञ बिचारा घाबरून म्हणाला, “बाई, पाणी आणू का?”

कारण त्या दिवशी खालच्या दुकानात आलेला फोन घेऊन तू वर आलीस आणि मला म्हणालीस, “ताई, आजचं रद्द. उद्या आहे. घड्याळबुवांनी सांगितलं.” मी निवांत केस धुतले. संध्याकाळी सहज रेडिओ लावला, तर माझी वाक्यं तुझ्या आवाजात! महिनाभर तूच समोर बसून ती माझ्याकडून पाठ करून घेतली होतीस. घरी येऊन म्हणालीस, संहिता परत द्यायला गेले तर ऐनवेळी मलाच उभं केलं. आणि मी मूर्ख, तुझ्या गळ्यात पडून म्हणाले, बरं झालं गं, तू वेळ निभावून नेलीस.

भूमिका गेली, त्याचं एव्हाना काही वाटायला नको. वाटतं. खोटं कशाला बोलू? पण चुकीचा निरोप दिला म्हणून घड्याळबुवांविरुद्ध केलेली ती तक्रार, चिमे! मजकूर तू लिहिलास आणि खाली सही माझी. चौकशीत ते परोपरीने सांगत होते, “धाकट्या बाईंनी स्वतः माझ्याजवळ कबूल केलं होतं, साडेपाच म्हणून.” तू मान खाली घालून बसलीस. मी सगळ्यांदेखत त्यांना खोटारडे म्हणाले. त्यांना जावक टपालाच्या टेबलावर बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत तिथून उठवलं नाही. बाजारात दिसले की मी तोंड फिरवायची. ते मात्र नमस्कार करायचे.

तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस, तेवढं मी समजून घेईन. पण एकसष्टाव्या वर्षीही तुला सांगावंसं वाटलं नाही? मागच्या महिन्यात तुझ्या सत्काराला माझ्याकडे बघून म्हणालीस, “ताईमुळे मी घडले.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता ते आठवलं की अंगाची लाही होते.

शुक्रवारी नाटक पुन्हा लावणार आहेत. सुरुवातीची चार मिनिटं अर्थातच कापतील. मी तेवढा भाग कॅसेटवर मागून घेतलाय.

घड्याळबुवा ऐंशीच्या पुढे गेलेत, मुलीकडे असतात. रविवारी सकाळी दहाला मी त्यांच्याकडे जाते आहे. तू आलीस तर तू स्वतःच्या तोंडाने सांग. नाही आलीस, तर मी कॅसेट लावेन. खोटारडे म्हणाल्याची माफी मी मागेन. तुझ्या वाटची मागणार नाही.

उत्तर लिहू नकोस, यायचं तर ये. आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

ताई