पंख नसलेली आन्के

हॅम्बुर्ग, ४ मार्च १७७४

प्रिय बाबा,

तुमच्या गेशेचा नमस्कार. आम्ही इथे खुशाल आहोत. तुमचा गुडघा थंडीत फार छळत नाही ना? फार दिवसांनी पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलं असेल, असं समजून घाबरू नका.

माझं काम बरं चाललंय. "दुकानदारांची थोबाडं रंगवायला तुला ब्रश धरायला शिकवलं नव्हतं," असं म्हणून तुम्ही दार लावून घेतलंत. पण बाबा, आता चित्रं घेतात ती हीच माणसं. मेणबत्तीवाला असो की कातडीवाला, प्रत्येकाला आपली बैठक नि आपली कॉफीची भांडी भिंतीवर हवी असतात. आणि मत तर प्रत्येकाला असतंच! ज्यांच्या महालाचं छत तुम्ही रंगवलंत, ते तुमचे सरकार निदान मान वर करून बघत तरी नसत.

सध्या साखर कारखानदार होल्स्ट यांच्या कुटुंबाचं चित्र हाती आहे. त्यांची धाकटी आन्के गेल्या हिवाळ्यात गेली. तीन वर्षांची होती. तीही चित्रात हवी होती, म्हणून तुमच्याच शिकवणीप्रमाणे मी तिला पंख लावून वर ढगात काढली. तिची आई टेल्सेबाई बघायला आल्या.

"ही कोण गं?"

"आन्के, बाईसाहेब. देवदूत झालेली."

"अगं, माझ्या पोरीला धड जिना उतरता येत नव्हता, ती उडणार कुठली? खाली आण तिला. भावांच्या मध्ये बसव. आणि साखर चोरताना काढ, तोंड भरलेलं."

एवढं बोलून त्या माझ्याच स्टुलावर बसून रडल्या. मी ढग खरवडून काढला. पण खाली बसवलेलं पोर मला जमेना. पंख काढले की नुसती बाहुली उरते. समोर नसलेलं मूल जिवंत करणारा एकच माणूस मला माहीत आहे.

आता जे लिहायचं टाळत होते, ते लिहिते. नव्या सरकारांनी महालातलं तुम्ही रंगवलेलं छत चुना फासून पांढरं करून घेतलं, असं एका गवंड्याकडून कळलं. मला रडू आवरेना. कोपऱ्यातला तो मोठ्या कानांचा देवदूत म्हणजे चौथ्या वर्षी गेलेला आपला धाकटा डेटलेफ, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तुम्ही घरात कधी त्याचं नाव घेतलं नाहीत, पण शिडी मात्र सारखी त्याच कोपऱ्यात लावायचात.

तुम्ही त्याला तिथे ठेवलंत, कारण आपल्यासारख्यांना चित्रासाठी दुसरी भिंतच नव्हती. आता आहे. इकडे या, बाबा. आधी आन्केला टेबलापाशी बसवा. मग माझ्या स्वयंपाकघरासाठी आपलं चित्र करू: तुम्ही, आई, मी, आणि अंगावर सूप सांडून घेणारा डेटलेफ. चेहरे तुम्ही काढा, टेबल मी काढते. भांडलो तर भांडलो.

दिवसभर एकसारखा उजेड देणाऱ्या उत्तरेच्या खिडकीपाशी तुमच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे.

तुमची लेक आणि डेटलेफची ताई,
गेशे